वकीलसाहेबांनी धुरा पायी पाहिला

शेगावात त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत. दिवसा कोर्ट, पाळी आली की महाराजांच्या मंदिरात सेवेकरी, आणि रविवारी जंगल. गेल्या पावसाळ्यात ते गेले. माझं त्यांच्याकडे काम एकदाच पडलं, तेही उशिरा.

बाबांच्या माघारी वावर आईच्या नावावर झालं, आणि शेजाऱ्यानं धुरा कोरून दोन तासं आत घातली. मी तडक दावा लावला. दोन वर्षं नुसत्या तारखा. फीपायी आईची पोत गहाण पडली. आधी मोजणी करून घ्यावी, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

वकीलसाहेबांनी कागद बाजूला ठेवले. म्हणाले, "आधी वावर दाखवा." भर उन्हात अख्खा धुरा चालले. बाभळीवर सुगरणीचा खोपा दिसला, तिथं पाच मिनिटं थांबले. मला रागच आला. माझं वावर चाललंय आणि हा माणूस पाखरं पाहतोय!

परतताना कामाचं बोलले. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यालाही नोटीस जाऊ द्या. १९८७च्या विधी सेवा कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा. आणि मी पोत गहाण टाकून बसलो होतो.

मोजणीत आमची तासं आमचीच निघाली. एका कोपऱ्यात मात्र शेजाऱ्याची हातभर जागा आमच्याकडे होती. हे मी गावात कधी बोललो नाही. लोकअदालतीत तडजोड झाली. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी नीट वाचून घ्या. कोर्ट फी परत मिळते.

वकीलसाहेबांनी पैसे घेतले नाहीत. "एक रविवार द्या," म्हणाले. खामगाव-बुलढाणा रस्त्यावर ज्ञानगंगा अभयारण्य आहे, २०५ चौरस किलोमीटरचं. आपल्याच जिल्ह्यातलं, पण मी पहिल्यांदाच उतरून पाहिलं. २०१९मध्ये टिपेश्वरचा एक वाघ हजारावर किलोमीटर चालून इथं आला होता, गळ्यात पट्टा घातलेला. "त्यानं किती धुरे ओलांडले असतील, काढा मोजणी!" म्हणत ते एकटेच हसले.

पुढं दोनदा बोलावलं. एकदा सोंगणी होती. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, तरी गेलो नाही.

त्यांच्या मातीला शेजारी आणि मी एकाच मोटरसायकलवर गेलो. वाटेत बोललो नाही. पेट्रोलचे पैसे त्यानं दिले.