एकाचे दोन, दोनाचे चार

कॉन्व्हेंटमध्ये ‘फायलम प्लॅटीहेल्मिंथिस’ तोंडपाठ केलं होतं. त्यांना मराठीत चपटे कृमी म्हणतात हे मात्र मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं, आणि तेव्हाच त्यांची प्रत्यक्ष ओळखही झाली!

गोंदियाच्या आमच्या घरी धाकट्या भावाने दोन फुटी काचेच्या टाकीत लाल चेरी झिंगे पाळलेत. खाऊचे पैसे साठवून आणलेले! त्यात त्याने नवेगावबांधकडच्या एका तळ्यातली पाणवनस्पती लावली. बहुधा तिच्यासोबतच हे पाहुणे आले... पांढुरके, सेंटिमीटरभर, त्रिकोणी डोक्याचे. डोळे दोन, तेही तिरळे. नाव प्लॅनेरिया. नुकतीच जन्मलेली झिंग्याची पिल्लं हा गट्टम करतो. भाऊ रोज मोजायचा आणि रोज कमी भरायची. “काहून कमी होऊन राहिले गं ताई?”

त्याच्या मित्राने ब्लेडने कापायचा सल्ला दिला. तो मी लगेच हाणून पाडला. 1898 च्या सुमारास थॉमस मॉर्गन या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की प्लॅनेरियाच्या 279 व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पुन्हा अख्खा किडा तयार होतो. (पुढे 1933 चं नोबेल त्यांना मिळालं, पण ते माशांवरच्या कामासाठी. माशा म्हणजे घरमाशीची भावंडं, मासे नव्हेत!) म्हणजे ब्लेड फिरवलं की फौज दुप्पट.

मग औषध? गुरांच्या जंतावरचं फेनबेंडाझोल प्लॅनेरियाला मारतं आणि झिंगे बहुधा वाचतात. पण घाई नडते. समुद्री प्रवाळ पाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या टाकीत लालसर चपटे कृमी प्रवाळावर पसरून त्याचा उजेड अडवतात. ते सगळे एकदम मेले की अंगातलं विष पाण्यात सुटतं आणि मासेही जातात. म्हणून ते आधी नळीने ओढून जमतील तितके कृमी काढतात, मगच औषध, आणि लगेच ॲक्टिव्हेटेड कार्बन व नवं पाणी. आमच्या प्लॅनेरियाचं विष तेवढं नसलं, तरी शेकडो मेलेले किडे सडले की अमोनिया वाढणारच. लोड आधी कमी करा, मग स्विच दाबा... इलेक्ट्रिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तर आम्ही दाणे निम्म्यावर आणले. उरलेल्या अन्नावरच ही वस्ती वाढते. तळ्यात त्यांना रोज कोण चिमूट टाकतं? रात्री छोट्या बाटलीला बारीक भोकं पाडून आत चिकनचा तुकडा ठेवला. पहिल्या सकाळी आत 41 निघाले! आठ रात्रींनी आकडा पाचावर आला, तेव्हा औषध टाकलं. त्याआधी गोगलगायी बादलीत हलवल्या, कारण त्यांच्यातल्या काही जातींना ते सोसत नाही आणि रेतीत त्याचा अंश बरेच दिवस राहतो.

परवा भावाचा फोन आला. पिल्लं 36 झालीत. गोगलगायी अजून बादलीतच आहेत, आणि आईला ती बादली परत पाहिजे आहे.