द्वारकेचा चौक आणि घरची गोधडी

नाशिक म्हटले की गोदावरी, पंचवटी, द्राक्षे आणि चिवडा या चार गोष्टी महाराष्ट्रातील कोणाही गृहस्थाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात. द्वारका हे नाव मात्र नाशिककरांखेरीज इतरांस फारसे ठाऊक नसते. आणि ठाऊक असलेच तर ते तेथील वाहनांच्या खोळंब्यामुळे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता व पुण्याहून येणारा रस्ता जेथे एकमेकांस भेटतात तो हा चौक. डोक्यावरून उड्डाणपूल गेलेला, आणि खाली मोटारी, रिक्षा, मालमोटारी व एस. टी.च्या गाड्या यांची अखंड दाटी. ही श्रीकृष्णाची समुद्रवेष्टित द्वारका नव्हे, हे सांगावयास नकोच. पण त्या नावात जे द्वार आहे ते येथे अगदी खरे आहे. जुने नाशिक, नाशिकरोडचे रेल्वे स्टेशन, त्रिरश्मी डोंगरावरची लेणी आणि द्राक्षांचा मुलूख या चारही दिशांची दारे या एकाच चौकातून उघडतात. अशा गर्दीच्या ठिकाणाहून शिवणकामासाठी काही आणता येते असे आम्ही म्हटले, तर वाचकभगिनी हसतील. तरी आमचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, इतकीच विनंती.

निमित्त घरगुतीच होते. घरात पाळणा हलावयाचा होता. दुपटी, कुंची, झबली, टोपडी आणि एक लहानशी गोधडी एवढे तरी घरी शिवलेले असावे, असा सासूबाईंचा आग्रह. दुसरीकडे, कैलासवासी आजींची लुगडी आणि आजोबांची धोतरे पेटीत तशीच पडून होती. ती बोहारणीस देऊन भांडी घ्यावीत असा एक पक्ष, तर त्यांना कातरी लावू नये असा दुसरा. शिवावयाचे ठरले तरी नमुना कोठून आणावा हा प्रश्न उरतोच. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर हजारो नमुने क्षणात दिसतात. ते सुबकही असतात. परंतु ज्या घराची ही गोधडी, ज्या गावाची ही माणसे, त्यांची खूण त्यांपैकी एकातही सापडत नाही. तेव्हा पेटी तूर्त बंद ठेवून आम्ही दोन दिवस डोळे उघडे ठेवून हिंडावयाचे ठरविले. मुक्काम द्वारकेजवळच्या आप्तांकडे असल्यामुळे आरंभही तेथूनच झाला.

सारडा सर्कलवरून भद्रकालीकडे वळले की रस्ते अरुंद होऊ लागतात आणि पाहण्याजोगे पुष्कळ दिसू लागते. जुन्या नाशकातील लाकडी वाडे आता थोडे उरले आहेत. पण जे आहेत त्यांच्या खांबांवर, तुळयांच्या टोकांवर व खिडक्यांच्या चौकटींवर वेलबुट्टी अजून शाबूत आहे. सुताराने वेल कोपऱ्यावर कसा वळविला आहे, हे नीट न्याहाळावे. परकराच्या किंवा उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात भरतकाम करताना आपली हमखास अडचण होते ती येथेच. बहुतेक ठिकाणी सुताराने कोपऱ्यात एक फूल घालून वेल तेथेच संपविला आहे आणि पलीकडून नवा सुरू केला आहे. इतका सोपा उपाय पुस्तकात शोधीत बसावयाचे कारण नव्हते.

पुढे भांडीबाजार. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा लौकिक जुना आहे. मठारलेला हंडा उन्हात धरून पाहिला म्हणजे हातोडीच्या घावांच्या ओळी एकीखाली एक अशा उमटलेल्या दिसतात. दोन घावांतील अंतर सारखे, आणि खालच्या ओळीतील घाव वरच्या दोन घावांच्या मधोमध. हाच तर गोधडीचा धावदोरा! तांबट मठारतो तो भांड्यास बळकटी यावी म्हणून. शोभा आपोआप येते. आपणही टाके घालतो ते थर एकमेकांस धरून राहावेत म्हणून. शिवणातील खरी नक्षी बहुधा अशी कामातूनच निघते. वरून चिकटविलेली नक्षी दोन धुण्यांत कंटाळवाणी होते.

गोदावरीच्या घाटावर आलो तो उन्हे कलली होती. कुंडांच्या पायऱ्या चौकोनात चौकोन अशा आत आत उतरत पाण्याला भिडतात. आमच्याकडील जुनी गोधडी शिवावयाची रीतही नेमकी अशीच: काठापासून आरंभ करून चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यावयाचे. १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाच्या शिखरावर मोठ्या आकाराचीच लहान लहान प्रतिकृती पुन्हा पुन्हा घेतलेली दिसते. झबल्याच्या गळ्याशी एक मोठी बुट्टी व बाह्यांवर तीच लहान, असा बेत त्यावरून सुचला. पलीकडे काळारामाचे मंदिर. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी ते काळ्या पाषाणात उभारले. याच मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि ते दार वर्षानुवर्षे बंदच राहिले, ही आठवणही तेथे उभे असता मनातून काढून टाकता येत नाही. आपल्यासारख्या घरांनी तर ती काढू नयेच.

दुसऱ्या दिवशी द्वारकेवरून मुंबईच्या रस्त्याला लागलो. सात-आठ किलोमीटरांवर त्रिरश्मी डोंगर आहे. लोक यास पांडवलेणी म्हणतात. वस्तुतः ही २४ बौद्ध लेणी. लेण्यांच्या दर्शनी भागावर उभे खांब व आडव्या पट्ट्या यांची वेदिका कोरलेली असून मधून मधून अर्धकमळे आहेत. गोधडीच्या काठासाठी याहून चांगली पट्टी कोणती? पण ज्यासाठी आम्ही चढून गेलो ते निराळेच होते. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने हे लेणे भिक्षुसंघास दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायमची ठेवही दिली. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली: २००० एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने, व १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. घरातील मुलांना हा हिशोब घालावा: दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०, आणि वीस जणांना बारा म्हणजे तेही २४०. पै इकडची तिकडे नाही.

ते वस्त्र म्हणजे चीवर, आणि चीवर हे तुकडे जोडून शिवलेले असे. विनयपिटकातील महावग्गात याची कथा आहे. भगवान बुद्ध प्रवासात असता मगधातील शेते त्यांच्या दृष्टीस पडली. बांधांनी आखलेली, ओळीने मांडलेली, बांधास बांध छेदणारी. भिक्षूंची वस्त्रे अशी बेतता येतील काय, असे त्यांनी आनंदास विचारले, आणि आनंदाने त्याप्रमाणे तुकड्यांचे चीवर बेतून दाखविले. कापलेल्या वस्त्राचा कोणास लोभ सुटत नाही, हाही त्यातील एक फायदा सांगितला आहे. एखादे दृश्य पाहून शिवणाचा नमुना सुचल्याची याहून जुनी हकीकत आमच्या ऐकिवात नाही. डोंगरावरून उतरताना मनात आले, मगधाची शेते आपण पाहिली नाहीत. पण द्वारकेवरून आग्रा रस्त्याने ओझर-पिंपळगावकडे निघाले की दुतर्फा द्राक्षांच्या बागा आहेतच. सरळ ओळी, मध्ये तांबूस मातीची पट्टी, पुन्हा हिरवी ओळ. आमच्या गोधडीचा बेत तेथे ठरला: आजींच्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या, त्यांमध्ये तांबड्या काठाच्या, आणि भोवती आजोबांच्या धोतराची पांढरी चौकट.

जुन्या कापडाच्या तुकड्यांना असा मान मिळाल्याचे उदाहरण आपल्याच काळातही आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रिया शेतावर वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या घरच्या उबेसाठी शिवीत आल्या. २००२ साली त्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले, पुढे ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही गेले, आणि चित्रकलेचे जाणकार त्या रंगसंगतीपुढे थक्क झाले. त्या बायांनी नमुन्याचे पुस्तक पाहिले नव्हते. हाताशी जे कापड होते तेवढ्यातच त्यांनी बेत बसविला होता.

आता ज्या भगिनींना प्रत्यक्ष कामास लागावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची लांबीत चौपदरी घडी केली की दोन मीटरांची चौघडी तयार. ही सर्वांत सोपी. पट्ट्यांची गोधडी करावयाची तर वरचा थर आधी जोडून घ्यावा. कापड प्रथम धुऊन, वाळवून, इस्त्री करावे. रंग जातो की काय हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. जुन्या मऊ सुताबरोबर नवे कोरे कापड न धुता जोडू नये, कारण ते पुढे आटते व जुने ओढले जाऊन फाटते. थर एकमेकांवर पसरले की मध्यापासून काठाकडे लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे सुरकुती राहत नाही. मग काठापासून मध्याकडे पक्का धावदोरा घालावा आणि शेवटी कच्चे टाके उसवावेत. कृत्रिम धाग्याच्या साड्या दिसावयास झगझगीत, पण घाम शोषीत नाहीत. बाळाच्या अंगाखाली त्या मुळीच घालू नयेत. बाळाच्या वस्त्रांस जर, टिकल्या व सुटू शकणारी बटणेही नकोत. पैठणीचा मोर हवाच असेल तर तो सुती दोऱ्याने भरावा. येवल्याची खरी पैठणी कातरीखाली घालण्याचे धाडस कोणी करू नये!

शेवटी एक गोष्ट अवश्य सांगावयाची आहे. सर्व घरांत शिवणाऱ्या हातांना सवड असतेच असे नाही, आणि महाराष्ट्रात गावोगाव रस्त्याच्या कडेला बसून किंवा घरी येऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बाया आहेत. त्यांच्याशी मजुरीबद्दल घासाघीस करण्यात आपल्यापैकी पुष्कळजणी प्रवीण असतात. घरातील शाळकरी मुलाकडून आम्ही एक हिशोब करविला. दोन मीटर लांब व सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद अशा गोधडीवर दोन दोन सेंटिमीटरांच्या अंतराने दोरा फिरविला, तर एकूण शिवण ११० मीटर भरते. सेंटिमीटरास एक टाका धरला तर ११००० टाके होतात. चार-पाच थरांतून अकरा हजार वेळा सुई आरपार गेली पाहिजे! हा आकडा समजल्यापासून आमच्या घरात मजुरीची घासाघीस बंद झाली आहे. उषवदाताने दान भिक्षूंना दिले खरे, पण त्याचे भांडवल त्याने विणकरांच्या हाती विश्वासाने सोपविले आणि ते परत मागावयाचे नाही असे दगडावर लिहून ठेविले. आपल्याकडून इतके झाले नाही, तरी ठरलेली मजुरी पुरी व वेळेवर देणे अवघड नाही.

आजींच्या लुगड्यांपैकी दोन गोधडीस लागली. कातरी लावू नये म्हणणाऱ्या पक्षाने स्वतःच त्या पट्ट्या कापल्या, आणि दुपारच्या वेळी माजघरात बसून काठाचे पहिले टाकेही त्यांनीच घातले. उरलेल्यांत जी फारच विरली होती ती बोहारणीस दिली. तिच्या हातून ती आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडतील, यात कमीपणा नाही. गोधडीचा मधला चौकोन अजून शिवावयाचा आहे. बाळाचे बारसे होईपर्यंत तो पुरा व्हावा, अशी घाई चालली आहे.