फुंकर आणि कॅसेट

व्हिडिओ गेमची कॅसेट लागली नाही की काय करायचं? काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. हे ज्ञान गल्लोगल्ली कुठून पसरलं, कोण जाणे :)

खरं तर फुंकरीने काहीच होत नसे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पट्ट्या. आपल्याकडच्या नकली मशीननी तेच माप उचललं. धूळ आणि दमट हवेने त्या पट्ट्यांवर थर चढतो. कॅसेट काढून घालताना पिना त्यावर घासतात, थर थोडा निघतो आणि गेम सुरू. श्रेय मात्र फुंकरीला! उलट तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या आणखी गंजतात.

उपाय एकदम सोपा. कॅसेट उघडा, कानाचा बड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि बड काळा होणं थांबेपर्यंत पट्ट्या पुसा. पूर्ण वाळल्यावरच लावा. खोडरबर अगदी शेवटी, कारण तो मुलामाही खरवडतो. आतली चिप बहुतेक वेळा काळ्या थेंबाखाली बंद असते. ती गेली तर मात्र गेली.

असो. गेल्या महिन्यात माळा आवरताना आईला आमची काँट्राची कॅसेट सापडली. दादा सध्या टोरांटोला. फोन होतात, पण गाडी 'जेवलास का'च्या पुढे सरकत नाही. चौथ्या बडनंतर स्क्रीन उजळला, तसा व्हिडिओ काढून त्याला पाठवला. पाच मिनिटांत फोन!

"दुसरा रिमोट आहे ना रे?"

आहे. तोही उघडून पुसून ठेवलाय.