राधानगरीच्या वाटेवर चार साक्षीदार

श्रावण लागला की कोल्हापुरातील घरोघरी सकाळच्या वर्तमानपत्रात सोन्याच्या भावाआधी एक आकडा शोधला जातो. तो म्हणजे राधानगरीचे किती दरवाजे उघडले. हे दरवाजे सात असून ते स्वयंचलित आहेत. तलाव भरून पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात. एका दरवाजातून सेकंदास १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. तेच पाणी भोगावतीच्या वाटेने पंचगंगेस मिळते. म्हणून साऱ्या शहराचे लक्ष त्या आकड्याकडे असते. गेल्या श्रावणात एके दिवशी 'दोन दरवाजे खुले' असे वाचताच आईने चष्मा काढून ठेवला व ती म्हणाली, "मला आज तिकडे घेऊन चला. दरवाजे मिटायच्या आत."

तिच्या हट्टास कारण होते. तिचे बालपण राधानगरीस गेले. तिचे वडील धरणाच्या कामावर हिशेबनीस होते. धरणाचा संकल्प राजर्षी शाहू छत्रपतींचा. त्यांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब महाराज यांच्यावरून गावास राधानगरी हे नाव पडले. परंतु १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा भिंत अपुरीच होती, आणि ती पुरी झाली स्वातंत्र्यानंतर. आईने पाहिलेले धरण हे त्या अखेरच्या पर्वातले. दरवाजे उघडलेले पाहण्याचा योग मात्र तिला कधी आला नव्हता.

निघालो ते आमच्या मोटारीतून. ही मोटार मी चार महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या हातची, पंधरा वर्षांची जुनी अशी घेतली होती, आणि त्यावरून थोरले बंधू दादा यांचा व माझा अबोला म्हणावा इतपत मतभेद झाला होता. "जुनी मोटार म्हणजे दुसऱ्याचे दुखणे पैसे देऊन घरी आणणे," हे त्यांचे मत. तरी आईच्या शब्दाखातर तेही वहिनींसह गाडीत बसले.

कोल्हापूर ते राधानगरी अंतर सुमारे ५० किलोमीटर. हळदी, परिते मागे पडली. दुतर्फा ऊस आणि भाताची हिरवीगार खाचरे, मधूनच सरींचा मारा. सपाटीवर गाडी निमूट चालत होती. राधानगरी थोडी उरली असता एका चढावर मात्र ती अडखळू लागली. पाय दाबावा तो गाडी पुढे जाण्याऐवजी गचके देई. दादा प्रथम काही बोलले नाहीत. मग त्यांनी शहरातील एका कारखानदारास दूरध्वनी केला. "इंजिन गेलेले दिसते, ओढून आणा; उघडावेच लागेल," असे उत्तर आले. दादा म्हणाले, "परत गेल्यावर हिला मोडीत घालू. आणि यापुढे घरातले असले व्यवहार एकट्याने ठरवायचे नाहीत." प्रश्न मोटारीचा राहिला नाही, घरातील माझ्या शब्दाचा झाला.

कसेबसे गावात पोहोचलो. बाजाराजवळ एका पत्र्याच्या छपराखाली एक वयस्क मिस्त्री काम करीत होते. त्यांनी हत्याराला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. "चढालाच दम तोडती, का उभी असताना बी? थंडीत, का गरम झाल्यावर? पावसात जास्त?" मी सांगितले: चढावरच, आणि पावसात अधिक. ते म्हणाले, "मग आदी पलग बगू. इंजनाच्या आतलं फकस्त त्येनीच बगितलंय."

परंतु इंजिन तापलेले असता प्लग काढावयाचे नसतात. अॅल्युमिनियमचे आटे उपटून येण्याची भीती असते. तेव्हा तासभर थांबणे आले. त्या वेळात मिस्त्रींनी जे समजावले ते जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घरास उपयोगी पडेल.

पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगाच्या टोकाशी उडणारी ठिणगी ते पेटविते. ही ठिणगी दोन धातूंच्या टोकांमधील सुमारे एक मिलिमीटरची फट ओलांडते. त्यासाठी बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून २० हजारांच्या पुढे न्यावे लागतात. मिनिटास ३००० फेरे होत असता एकेका प्लगास १५०० वेळा ठिणगी पाडावी लागते. प्रत्येक ठिणगी धातूचा कणभर अंश खाते. कोपरे गोलावतात, फट रुंदावते आणि ती ओलांडण्यास अधिक दाब लागतो. सपाटीवर सिलिंडरात हवा थोडी शिरते, म्हणून झिजलेला प्लगही काम रेटून नेतो. चढावर पाय दाबला की हवा अधिक शिरते, आतील दाब वाढतो आणि ठिणगी नेमकी तेथेच हार खाते.

तासाभराने प्लगांभोवतीची धूळ फुंकून काढून, कोणती वायर कोणत्या सिलिंडरची याच्या खुणा करून, मिस्त्रींनी चारही प्लग क्रमाने फडक्यावर मांडले. दादाही वाकून पाहू लागले. टोकाशी कोरडी काजळी असेल तर इंधन अधिक जाते किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. काळे व तेलकट असेल तर इंजिनातील कड्या वा झडपांची सीले झिजून तेल वर येते. पांढरेफटक व फोड आलेले असेल तर इंजिन फाजील तापते. आणि फिकट तपकिरी असेल तर आतील प्रकृती उत्तम. आमचे चारही प्लग फिकट तपकिरी होते! कोपरे मात्र पार गोल झाले होते आणि पट्टी घालून पाहता १.१ मिलिमीटरच्या जागी फट १.४ भरली. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ होती. मिस्त्रींनी त्या वायरीची रबरी टोपी वाकवून दाखविली. तिला तडा गेला होता. दमट हवेत वीज टोकाशी न जाता त्या वाटेने निसटत होती. टोपी न पाहता केवळ प्लग बदलले असते तर नव्या प्लगावरही तीच रेघ उमटली असती.

बाजारातून त्याच क्रमांकाचे चार प्लग व एक वायर आणली. मिस्त्रींनी प्रत्येक प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हलक्या हाताने फिरविला. आटे चुकले तर नळी नुसती घसरते, बळ चालत नाही. प्लग बैसल्यावर पान्याने अर्ध्या फेऱ्याहून किंचित अधिक आवळले. इंजिन सुरू झाले ते एकसुरी.

दादा बराच वेळ जुन्या प्लगांकडे पाहत होते. "म्हणजे इंजिन शाबूत आहे," ते म्हणाले. छपराखाली बसलेली आई तेव्हा सहज बोलली, "आम्ही राहायला आलो तेव्हा धरणही वर्षानुवर्षे अर्धेच होते. पण ते मोडीत काढा असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही." वहिनी हसल्या, आणि दादाही.

फेजिवड्याकडे वळलो तेव्हा दुपार कलली होती. एक दरवाजा एव्हाना मिटला होता. दुसरा तेवढा उघडा होता. तुषारांचा धूर हवेत चढत होता व त्याचा गारवा आमच्यापर्यंत येत होता. आईने काही न बोलता हात जोडले. आम्ही जवळजवळ अर्धा तास उभे होतो.

परतताना दादांनी किल्लीसाठी हात पुढे केला. सकाळचा तो चढ आता उतार झाला होता; म्हणून त्यांनी मुद्दाम गाडी वळविली, तो चढ पुन्हा एकदा चढून पाहिला, आणि मगच कोल्हापूरची वाट धरली.