आजीला रातकिडे का ऐकू येत नाहीत?

पावसाळ्यात आमच्या पोलादपूरला या. रात्री सावित्री नदीची घोंघों, खाचरांतल्या बेडकांचं डरांव डरांव आणि त्यावर रातकिड्यांची किर्रकिर्र! माझ्या सासूबाईंना नदी ऐकू येते, बेडूक ऐकू येतात. रातकिडे मात्र नाहीत. "हल्ली किडेच राहिले नाहीत गं," असं त्या म्हणतात. मुलांचे तर कान किटतात!

असं का होतं? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळणदार नळी असते. तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या सुमारे १५ हजार नाजूक पेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच आवाज टिपतात, तर आतल्या टोकाच्या पेशी जाड, खर्जातले. या नळीत ध्वनीची लाट कशी धावते हे शोधणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. लहानपणी आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तशा तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात आणि पुन्हा कधीच उगवत नाहीत. म्हणून बारीक आवाज आधी हरवतात.

माझी पुतणी रुसून म्हणते, "आजी काकांचंच ऐकते, माझं नाही!" अहो, काकांचा आवाज जाड, हिचा किनरा! त्यातून स, श, फ ही अक्षरं उंच आणि दुबळ्या आवाजाची. मग "सात वाजले" चं "हात भाजले" होतं. सगळे खो खो हसतात. आजीही हसतात, पण हळूहळू त्या बोलायच्याच कमी होतात, माणसांत बसेनाशा होतात. खरं दुःख ते आहे.

मग काय करायचं? ओरडायचं नाही. ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' नाही. टीव्ही बंद करा, समोर उजेडात बसा, सावकाश बोला. ओठ दिसले की अर्धं काम होतं. आईबाबांना सांगून आजीआजोबांचे कान एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. कधी नुसता मळही असतो. नाहीतर श्रवणयंत्राचा उपयोग होतो.

आणि हो, वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचताना एक ध्यानात ठेवा. मोठ्या आवाजाने याच पेशी मरतात आणि त्या काही तुमचं वय विचारत नाहीत!