धान्याच्या कोठारावरचे संत

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या माणसापाशी बहुधा दोनच दिवस असतात, आणि ते दोन्ही रांगेत जातात. एक रांग उफीत्सी संग्रहालयाची, दुसरी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची. आम्ही उभयता दोन्ही रांगांत इमानाने उभे राहिलो. डेव्हिड पाहताना वर गेलेली मान लवकर खाली येत नाही, हे खरेच. पण परतल्यावर मला वारंवार आठवते ते धान्याचे एक कोठार.

ओर्सानमिकेले हे त्याचे नाव. शहराच्या ऐन मध्यात, गजबजलेल्या रस्त्याला लागून ही चौकोनी, दणकट, तिमजली इमारत उभी आहे. १३३७ साली तिचे बांधकाम सुरू झाले. खाली धान्याचा बाजार, वर साठवण. वरचे धान्य खाली सोडण्यासाठी ठेवलेली भोके आतल्या खांबांत अजून दिसतात. पुढे बाजार हलला आणि तळमजल्याचे देऊळ झाले. भिंतीतल्या कोनाड्यांत आपापल्या संतांच्या मूर्ती बसवण्याचे काम शहरातल्या व्यवसायसंघांकडे होते. कोनाडे पुष्कळ वर्षे रिकामेच राहिले, तेव्हा १४०६ मध्ये सरकारने दहा वर्षांची मुदत घालून दिली. मुदत घातल्याशिवाय वर्गणी निघत नाही, हा अनुभव जगात सर्वत्र सारखाच दिसतो!

मग मात्र चुरस लागली. परदेशी कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी घिबर्तीकडून अडीच मीटरांहून उंच असा ब्राँझचा संत जॉन ओतवून घेतला. सराफांना ते कसे सोसणार? १४१९ साली त्यांनी त्याच घिबर्तीशी करार केला आणि त्यात लिहून घेतले की आमचा संत मॅथ्यू निदान त्या जॉनइतका तरी मोठा हवा. लग्नघरातले मानपान आठवावे असा हा कारभार. पण त्या ईर्ष्येतून जे निर्माण झाले ते पाहायला आज जगातून माणसे येतात.

तागाच्या कापडाचा धंदा करणाऱ्यांनी तरुण दोनातेल्लोला गाठले. त्याचा संत मार्क नीट निरखून पाहा. तो उभा आहे एका उशीवर! संगमरवराची उशी, पण पायाखाली दबलेली. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या अशा की कापडाच्या जाणकाराने बोटांनी चाचपून पाहाव्यात. वासारीने एक गोष्ट सांगितली आहे. मूर्ती जमिनीवर असताना गिऱ्हाइकांना मुळीच पसंत पडेना. दोनातेल्लो म्हणाला, वर बसवू द्या, मग दुरुस्त करतो. वर बसवून त्याने ती काही दिवस झाकून ठेवली, हातही लावला नाही, आणि उघडताच सगळे खूश! गोष्ट रचलेली असेलही. पण कापडवाले आपल्या मूर्तीबद्दल कलावंताशी हुज्जत घालतात, हे त्या काळच्या लोकांना अगदी स्वाभाविक वाटत होते, एवढे तिच्यावरून कळते. चिलखते घडवणाऱ्यांच्या संत जॉर्जला तर एके काळी खरे धातूचे शिरस्त्राण आणि शस्त्र होते असे मानतात. म्हणजे देवाचा देव आणि मालाची जाहिरात!

मला सर्वांत भावला तो गवंडी आणि सुतार यांच्या संघाचा कोनाडा. नान्नी दी बांकोने तेथे चार संत उभे केले आहेत, पण त्यांच्या पायाशी असलेली लहानशी पट्टी चुकवू नये. तिच्यात कामकरीच कोरले आहेत. एक भिंत रचतो आहे, एक सामत्याने दगडाला भोक पाडतो आहे, एक छोट्या बालकाची मूर्ती घडवतो आहे. गवंडी आणि शिल्पकार एकाच रांगेत, एकाच पोशाखात.

मूळ मूर्ती आता हवेपाण्यापासून वाचवून वरच्या मजल्यावर ठेवल्या आहेत. जॉर्ज बार्जेल्लो संग्रहालयात गेला. कोनाड्यांत नकला आहेत. जाणकार मला हसतील, पण रस्त्याच्या धुळीतल्या त्या नकलाच मला अधिक खऱ्या वाटल्या.

ही कला घरातही शिरली होती. बाळंतिणीच्या खोलीत खाऊ घेऊन जायचा तो रंगवलेल्या लाकडी तबकातून. आपल्याकडच्या बाळंतविड्याचीच ही बहीण. काम झाले की तबक भिंतीवर टांगायचे. लोरेन्झो मेदिचीच्या जन्माचे, १४४९ सालचे तबक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १४९२ मध्ये तो वारला तोवर ते त्याच्या दालनात होते. पण तबके फक्त धनिकांची नव्हती. मध्यम घरांसाठी ती तयारही मिळत. १३४८ च्या प्लेगने निम्म्याच्या आसपास शहर ओसाड केले होते. त्यानंतर घरात पाळणा हलणे हा केवढा सोहळा असेल!

आणि त्याच शहरात नकोशी मुलेही जन्मत होती. कॅथेड्रलच्या मागून निघणाऱ्या सेर्वी रस्त्याने चालत गेले की एक शांत चौक लागतो. तेथे रेशीमवाल्यांच्या संघाने १४१९ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी घर बांधायला घेतले, आणि काम दिले ब्रुनेलेस्कीला. नऊ कमानींची ती सडपातळ ओसरी राजवाड्यालाही शोभेल. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल आले. मुलगीच. त्या दिवशी संत आगाथाचा सण, म्हणून तिचे नाव आगाता ठेवले. पुढे आंद्रेआ देल्ला रोब्बियाने कमानींच्या मधोमध निळ्या चकत्यांवर दुपट्यात गुंडाळलेली बाळे बसवली. प्रत्येक बाळ निराळे; कुणाचे दुपटे सुटू लागलेले. घिर्लांदायोच्या वेदीचित्रात, देवमातेच्या पुढ्यात, जखमा झालेली दोन चिमुकली मुले गुडघे टेकून बसली आहेत. ते चित्र याच घरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे होते. सौंदर्याने त्यांचे प्राण वाचले असे मुळीच नाही. कितीतरी मुले दाईकडेच दगावत.

या संस्थेचे पाळणाघर आजही चालते. आत संग्रहालय आहे, आणि त्यात नावांच्या छोट्या छोट्या खणांत एकोणिसाव्या शतकातल्या मुलांसोबत आलेल्या खुणा ठेवल्या आहेत. कुठे मणी, कुठे अर्धे तोडलेले पदक. अर्धे मुलापाशी, अर्धे आईपाशी. कधी परत यायला जमलेच तर जुळवून पाहण्यासाठी. सौ. एकेक खण उघडून पाहत होती. मी घड्याळ दाखवले, तरी ती हलेना.