खांदा

अण्णांनी सव्वीस वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत डोली वाहिली. एका खुर्चीला चार गडी, चढण आली की खांदा बदलायचा. त्या रात्री छातीत कळ आली तेव्हा म्हणाले, "पित्त खवळलंय." आईने ओवा दिला, मी सोडा आणला. घामाने बनियन भिजलं, तरी आम्ही उजाडेपर्यंत थांबलो. ती चूक माझी.

सिल्लोडला ईसीजी काढला आणि तिथून थेट संभाजीनगर. फुलंब्री येईपर्यंत हातपाय गार पडले होते. अँजिओप्लास्टीने बंद धमनी मोकळी झाली, पण रक्तदाब वर येईना. डॉक्टर म्हणाले, "बलून पंप लावतो."

जांघेतल्या धमनीतून महाधमनीत सरकवलेला लांबट फुगा. हृदय विसावलं की तो हेलियमने फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रक्त रेटतो. हृदय आकुंचन पावण्याच्या बेतात असताना रिकामा होतो, म्हणजे हृदयाला जोर कमी लावावा लागतो. हेलियम हलका, म्हणून एवढ्या झपाट्याने आत-बाहेर करतो. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी हा पंप पहिल्यांदा रुग्णाला लावला. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ६०० रुग्णांच्या अभ्यासात या पंपाने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, म्हणून आता तो सरसकट लावत नाहीत, हेही सांगितलं. त्या स्पष्टपणाचा मला आधार वाटला. हृदय सावरलंच नाही तर पुढे छातीत बसवायचा पंप, एलव्हॅड. त्याचा खर्च ऐकून आई भिंतीला टेकली.

तीन रात्री मी त्या यंत्राची ठकठक ऐकत बसलो. अण्णांना पाय वाकवायची मनाई होती. चौथ्या दिवशी यंत्राची मदत कमी केली: आधी एक ठोका सोडून एक, मग दर तिसऱ्या ठोक्याला. मी समजावून सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "म्हंजे गडी एकेक करून खांदा काढून घ्यायलेत." संध्याकाळी फुगा काढला. रक्तदाब टिकला.

आता त्यांच्या हृदयाची ताकद ३५ टक्के आहे. डोली सुटली, गोळ्या कायमच्या.

अजिंठा, फर्दापूर, गोळेगावच्या माझ्या माणसांनो, छातीत दाटलं आणि घाम फुटला तर ओवा शोधू नका. १०८ ला फोन लावा आणि आधी ईसीजी काढा.